उतारा

त्या सकाळी मी उतारा घेतला नव्हता.

हे वाक्य त्या वर्षभरात मी इतक्या जणांना ऐकवलं की शेवटी बायको म्हणाली, "पाटीवर लिहा आणि गळ्यात अडकवून फिरा." पण खरंच घेतला नव्हता. साडेपाचला उठलो. ब्रश करताना उजवा हात डाव्या हाताने धरावा लागला. दोन कप कोरा चहा प्यायलो, तोंडात वेलदोडा टाकला आणि कंपनीच्या बसच्या स्टॉपवर जाऊन उभा राहिलो. एरवी तोवर पोटात नव्वदी गेलेली असायची. त्या दिवशी बाटलीच रिकामी होती, माझा मोठेपणा काही नाही. पावणेआठच्या सुमाराला टाइम ऑफिसशेजारच्या खोलीत सिक्युरिटीवाल्याने तोंडासमोर नळी धरली. "फुंका मामा, जोरात." आकडा आला 64.

रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याला कायदा 30 पर्यंत माफ करतो. मी गाडी चालवत नव्हतो. मी रबराची मिल चालवत होतो.

उतारा हा शब्द आपल्याकडे बऱ्याच कामांना येतो. परीक्षेत उतारा वाचून उत्तरं लिहायची असतात. तलाठ्याकडे सातबाऱ्याचा उतारा मिळतो. लहानपणी मला ताप हटेना तेव्हा आईने दहीभात ओवाळून तिकाटण्यावर ठेवला होता, तोही उताराच. आणि पिणारे लोक रात्रीची उतरावी म्हणून सकाळी जी घेतात तिलाही उतारा म्हणतात. तिने उतरत काहीच नाही. थरथर तेवढी थांबते, सही करता येते, चहाचा कप सांडत नाही. शेवटची चार-पाच वर्षं मी दारू रात्री मजेसाठी प्यायचो आणि सकाळी औषध म्हणून. निदान तसा हिशोब मी स्वतःशी मांडला होता.

कंपनी भोसरी एमआयडीसीतली. गाड्यांची ऑइल सील, बुश, होज असले रबराचे पार्ट बनवणारी. मी 1993 मध्ये हेल्पर म्हणून लागलो, पुढे परमनंट झालो आणि मिक्सिंगला मिल ऑपरेटर. मिक्सिंग म्हणजे रबराचं स्वयंपाकघर. नीडरमध्ये कच्चं रबर, काजळीसारखा कार्बन ब्लॅक, तेल, झिंक ऑक्साइड असं सगळं मळून घ्यायचं आणि तो गरम गोळा मिलवर आणायचा. मिल म्हणजे दोन जाडजूड लोखंडी रोल, एकमेकांकडे फिरणारे. मधल्या फटीतून रबर जातं, पुढच्या रोलला चिकटून फिरत राहतं, आपण चाकूने कट मारून लोळा काढायचा आणि पुन्हा फटीत द्यायचा. शेवटी गंधक आणि अ‍ॅक्सिलरेटर, म्हणजे रबर लवकर शिजवणारं रसायन. गंधक पडलं की खेळ वेळेचा आणि उष्णतेचा. जास्त तापलं तर रबर मिलवरच शिजायला लागतं, त्याला आम्ही बॅच जळली म्हणायचो. जळलेली बॅच पुन्हा कच्ची होत नाही. भंगारात जाते.

मिलची फट रबर आणि हात यांत फरक करत नाही. म्हणून रोलसमोर सेफ्टी बार असतो, अंग त्यावर आदळलं की मिल थांबते. आणि म्हणूनच हिरवं बटण दाबण्याआधी तीनदा मोठ्याने "क्लिअर" ओरडायचं, समोरून उलट "क्लिअर" ऐकू आलं की मगच दाबायचं. माझ्या पहिल्या ऑपरेटरने हे मला कानफटात देऊन शिकवलं होतं.

मिक्सिंगवाल्याच्या अंगाचा काळा जात नाही. तीनदा साबण लावला तरी फेस राखाडी. उशीचा अभ्रा, कानाच्या पाळ्या, नाकातला शेंबूडसुद्धा काळा. या काळ्याचं निमित्त करून आम्ही बसायचो. आमच्यात कुणी 'दारू प्यायची का' असं विचारत नाही. "बसायचं का?" असंच विचारतात. पाळी सुटली की बसायचं, पगार झाला की बसायचं, कुणी वारलं तरी बसायचं. सुरुवातीला बाकीच्यांबरोबर उठायचोही. मग ते उठले तरी मी बसलेलाच, असं होत गेलं. या भागात रंगवून सांगण्यासारखं काही नाही. पिणाऱ्यांच्या गोष्टी सगळ्या सारख्याच असतात आणि प्रत्येकाला आपली वेगळी वाटते.

वेगळं काही असेल तर ते माझं रेकॉर्ड. 19 वर्षांच्या नोकरीत मला एक मेमो नव्हता. एकही नाही. या स्वच्छ रेकॉर्डबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण ते मी केलेलं नव्हतं.

आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. त्यामुळे माझं शुक्रवारी उठणं व्हायचं नाही. फॅमिली डॉक्टर 'व्हायरल फिव्हर' लिहून द्यायचे. एका वर्षी मला नऊ वेळा व्हायरल झाला, तोही फक्त शुक्रवारी, आणि टाइम ऑफिसातल्या क्लार्कने तो नऊही वेळा फायलीला लावला. उशीर झाला तर शेजारच्या प्रेसवरचा दोस्त माझं कार्ड पंच करायचा. एकदा मी एकाच बॅचला दोनदा गंधक टाकलं. रबर कसं शिजतंय ते मोजणाऱ्या लॅबमधल्या रिओमीटरच्या आलेखावर ते लख्ख दिसतं, लपवता येत नाही. लॅबवाल्या पोराने आलेख बघितला, माझ्याकडे बघितलं आणि सुपरवायझरला बोलावलं. सुपरवायझरने बॅच कार्डावर कारण लिहिलं: 'लाइट गेली'. त्या दिवशी लाइट गेली नव्हती. जवळजवळ 80 किलो माल भंगारात गेला आणि मी संध्याकाळी त्या दोघांना घेऊन बसलो. उपकार फेडायची तीच एक रीत मला ठाऊक होती.

घरी बायको फोनवर सांगायची, "झोपलेत, अंगात कणकण आहे." मोठी मुलगी दहा वर्षांची असताना तेच वाक्य तशाच सुरात म्हणायला शिकली. ते मला तेव्हा गोड वाटलं होतं, हे आता लिहिताना बोटं अडखळतात.

कुणीही वाईट नव्हतं. उलट सगळे चांगुलपणानेच वागत होते. "त्याची दोन पोरं आहेत रे", "माणूस हाताचा चांगला आहे", "एवढी वेळ जाऊ दे". कामाच्या ठिकाणी पिणाऱ्याला सगळ्यात स्वस्तात मिळते ती हीच चीज. लोकांनी माझ्यासाठी घेतलेला उताराच तो. तेवढ्यापुरती थरथर थांबायची.

2012 चा फेब्रुवारी, शुक्रवार, पहिली पाळी. रात्रपाळीवाल्यांनी मिल साफ न करताच सोडली होती. माझ्या हाताखाली कॉन्ट्रॅक्टचा एक पोरगा होता, औशाकडचा, बाविसेक वर्षांचा. कामाला चपळ आणि बोलायला त्याहून. तो मिलच्या पलीकडच्या बाजूला वाकून रोलला चिकटलेलं रबर खरवडत होता. मी हिरवं बटण दाबलं.

त्याआधी "क्लिअर" म्हणून ओरडलो का, हा पुढे सगळ्या चौकशीचा मुख्य प्रश्न झाला. त्याचं उत्तर जरा नंतर देतो. तेव्हाही नंतरच दिलं होतं.

हातमोजा फटीत गेला आणि त्यामागे डाव्या हाताची दोन बोटं. पोरगा ओरडलाही नाही, त्याने सगळं अंग सेफ्टी बारवर झोकून दिलं. मिल थांबली. कुणीतरी रोल उलटे फिरवले. मधल्या बोटाचं टोक चेंगरलं होतं, हाडाला चीर, दोन नखं गेली. अर्धा सेकंद उशीर झाला असता तर मनगट. मी त्याच्याजवळ धावत गेलो असं लोक सांगतात. मला आठवतं ते इतकंच की तो पांढरा पडला होता आणि मला म्हणत होता, "काय नाय मामा, काय नाय."

मग ती नळी आणि 64.

चौथ्या दिवशी घरी रजिस्टरने आरोपपत्र आलं. दोन पानं, टाइप केलेली. 'आपण दिनांक अमुक रोजी पहिल्या पाळीत मद्याच्या अंमलाखाली कामावर हजर असताना…' स्टँडिंग ऑर्डर्स म्हणजे कामगारांना लागू असलेले सेवानियम. त्यांच्या 24 व्या कलमात गैरवर्तनांची यादी होती, आवारात दारूच्या नशेत असणं हे त्यातलंच एक. निष्काळजीपणा, सहकाऱ्याच्या जिवाला धोका, असं आणखी दोन ओळींत. तळाला निलंबनाचा आदेश. पहिले 90 दिवस निम्मा पगार, चौकशी लांबली आणि ती माझ्यामुळे लांबलेली नसेल तर त्यापुढे पाऊण, हा 1946 च्या स्टँडिंग ऑर्डर्स कायद्यातला नियम मला युनियनच्या कमिटी मेंबरने समजावून सांगितला. मी भडकलो होतो. 19 वर्षं काळं अंग घेऊन घरी येतोय आणि माझ्यावर 'मद्याच्या अंमलाखाली' असं टाइप करतात? शिवाय मी उतारा घेतला नव्हता!

त्या पानांकडे मी आज वेगळ्या नजरेने बघतो. सगळ्या फायलीत माझ्याबद्दल खरं लिहिलेला तेवढा एकच कागद होता. व्हायरलचे दाखले खोटे, पंच कार्ड खोटं, 'लाइट गेली' खोटं. आरोपपत्र खरं.

मला ज्याचा इतका अभिमान होता त्या न घेतलेल्या उताऱ्याचा हिशोब नंतर एका डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनच्या पाठीमागे करून दाखवला. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये 42.8 टक्के अल्कोहोल. एक क्वार्टर 180 मिलिलिटर. मी गुरुवारी रात्री नऊ ते एक या वेळात दोन क्वार्टर संपवल्या होत्या, म्हणजे सुमारे 122 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम निपटतं. झोप, आंघोळ, लिंबूपाणी, कोरा चहा, कशानेही ते घाई करत नाही. "म्हणजे बारा ते सतरा तास," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही रात्रीची दारू घेऊनच गेटातून आत गेलात. सकाळची घेतली काय, न घेतली काय." पहिल्या पाळीला जाणाऱ्या किती जणांना हे गणित ठाऊक असतं कोण जाणे. मला 40 व्या वर्षी कळलं, नोकरी गेल्यावर.

आणखी एक गोष्ट तेव्हाच कळली. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे दारू प्यायला परवाना लागतो. एक दिवसाचा असतो, वर्षाचा असतो, आजन्मही मिळतो. 'परमिट रूम' हे नाव त्यावरूनच पडलं. अशा पाट्यांखाली मी 20 वर्षं बसलो, परमिट एकानेही मागितलं नाही. असो.

निलंबनाचा कागद हातात आल्यावर मी इरेला पेटून दारू बंद केली. एका दिवसात, कुणालाही न विचारता. दाखवतोच यांना. दुसऱ्या रात्री भिंतीवरून मुंग्या चालताना दिसू लागल्या, दुसऱ्या कुणाला दिसत नव्हत्या. तिसऱ्या दिवशी पहाटे फिट आली. रोज पिणाऱ्याने एकदम सोडली की हे होऊ शकतं, जिवावरही बेतू शकतं, म्हणून ती दवाखान्यात, औषधाखाली सोडायची असते, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. दवाखान्यातून पाच दिवसांनी घरी आलो आणि आठव्या दिवशी प्यायलो. कारण? घाबरलो होतो. दारू सोडली की फिट येते, एवढाच धडा मी घेतला.

चौकशी मार्चमध्ये सुरू झाली. चौकशी अधिकारी बाहेरचे वकील, कंपनीचा एक प्रतिनिधी, माझ्या बाजूने युनियनचा कमिटी मेंबर. टेबलावर पाण्याचे ग्लास. माझा हात थरथरू नये म्हणून मी त्या तारखांनाही उतारा घेऊनच जायचो, दारू प्यायल्याच्या आरोपाच्या चौकशीला. यावर हसू येत असेल तर हसा, दारू सोडलेल्यांच्या मीटिंगमध्ये मी हे सांगतो तेव्हा सगळे हसतात.

आमच्या बचावाचा सगळा भर रेकॉर्डवर. शिक्षा ठरवताना कामगाराचं आधीचं रेकॉर्ड बघावं लागतं आणि माझं तर आरशासारखं लख्ख. कमिटी मेंबरने फाईल उघडून दाखवली, 19 वर्षं, एक मेमो नाही. त्याला सगळं माहीत होतं. व्हायरलच्या शुक्रवारी तोच म्हणायचा, "आज पण झाला का रे?" पण तोही चांगुलपणानेच बोलत होता. अधिकाऱ्यांनी मला विचारलं, यापूर्वी कधी असं झालं होतं का? मी म्हणालो, नाही साहेब.

आणि मग त्या पोराला साक्षीला बोलावलं. कंपनीनेच बोलावलं, माझ्याविरुद्ध. डाव्या हाताला बँडेज. त्याला विचारलं, मशीन चालू करण्याआधी ऑपरेटरने इशारा दिला होता का? तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "दिला होता. मामा ओरडले होते. मलाच ऐकू आलं नाही. चूक माझी."

मला माहीत होतं मी ओरडलो नव्हतो. डोकं ठणकत होतं, आवाज नको वाटत होता, म्हणून ओरडलो नव्हतो. अधिकाऱ्यांनी त्याचं वाक्य लिहून घेतलं, वाचून दाखवलं, त्याने सही केली. मी गप्प बसलो. कमिटी मेंबरने टेबलाखालून माझा गुडघा दाबला, म्हणजे झालं, आता सुटतोस.

पुढच्या आठवड्यात कॉन्ट्रॅक्टरने त्या पोराला सांगितलं, उद्यापासून येऊ नको. हलगर्जीपणा त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केला होता ना. त्याला आरोपपत्र नाही, कारणे दाखवा नोटीस नाही, चौकशी अधिकारी नाही, निम्मा पगार नाही, कलम नाही. एक वाक्य. मला काढायला कंपनीला पुढे सहा महिने लागले. कायद्याने माझी जेवढी काळजी घेतली त्याच्या शतांशानेही त्याची घेतली नाही. आणि आमच्या दोघांत दारू प्यायलेला मी होतो.

त्या दिवशी मी जी प्यायलो तशी आधी कधी प्यायलो नव्हतो. ऑगस्टमध्ये मेव्हण्याने मला उचलून व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन टाकलं. पुण्यात मुक्तांगणचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, 1986 मध्ये अनिल आणि सुनंदा अवचटांनी सुरू केलेलं, पुलंच्या मदतीने उभं राहिलेलं. मी गेलो ते दुसरं, लहान. सकाळी प्रार्थना, आळीपाळीने भांडी, दुपारी गटात बसून बोलायचं. इथेही 'बसायचं'च होतं.

तिथल्याच डॉक्टरांनी मला डायसल्फिराम सुचवलं. गोळी चालू असताना दारू घेतली तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात, माणूस दगावूही शकतो. अल्कोहोलचं शरीरात आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं, ते विषारी, आणि ही गोळी त्याचा पुढचा निचराच अडवते. म्हणून ती माणसाच्या संमतीने आणि डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायची. 'न सांगता दारू सोडवा' अशा जाहिराती बघून बायका आमटीत पुड्या कालवतात, तो जीवघेणा प्रकार आहे. डॉक्टर हे सांगत होते आणि मी हसायला लागलो. लक्षणं ओळखीची होती. फार पूर्वी मला महिनाभर केमिकल वजन करायला बसवलं होतं. तिथे अ‍ॅक्सिलरेटरची पोती असायची, एकावर टीएमटी लिहिलेलं. त्या महिन्यात संध्याकाळी बिअर घेतली की माझं तोंड तापायचं, छाती धडधडायची. मी वाइनशॉपवाल्याशी भांडून आलो होतो, भेसळ करतोस म्हणून. आणि ब्रँड बदलला.

डॉक्टरांनी कान टवकारले. कुठे काम करता म्हणालात? रबर? मग त्यांनी जे सांगितलं ते मला अजूनही परीकथेसारखं वाटतं. टीएमटी आणि ही गोळी एकाच रासायनिक कुळातली, एकात मिथाइल आणि दुसरीत इथाइल, एवढाच फरक. 1937 मध्ये अमेरिकेतल्या एका कारखान्याच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलं होतं की ही पावडर हाताळणारे कामगार दारू पिऊ शकत नाहीत, प्यायले की लाल होऊन धडधडतात. त्यावर दारू सोडवायचा उपाय यातून निघेल का, असंही त्यांना वाटलं होतं. पुढे डेन्मार्कमध्ये हाल्ड आणि याकोब्सेन नावाचे दोन संशोधक या गोळीतलंच रसायन जंतांवरचं औषध म्हणून स्वतःवर तपासून बघत होते. नंतर दारू घेतली आणि दोघांची तीच गत झाली. 1948 मध्ये त्यांनी ते जाहीर केलं. म्हणजे ज्या गोळीसाठी मी आता पैसे मोजणार होतो तिची बहीण कंपनी मला फुकट हुंगवत होती, आणि मी ब्रँड बदलत होतो.

एएमध्ये जायला लागल्यावर रबराचा आणखी एक धागा सापडला. एए म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांची संघटना. ती सुरू झाली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात, आणि अ‍ॅक्रन म्हणजे तेव्हाची रबराची राजधानी, टायर कंपन्यांचं गाव. 1935 मध्ये न्यूयॉर्कचा बिल विल्सन तिथे गेला होता तो टायरची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीचा ताबा मिळवायच्या भानगडीत. ती भानगड फसली. हॉटेलच्या लॉबीत एकीकडे बारचा गलका, दुसरीकडे टेलिफोन. त्याने फोन उचलला. ज्या बाईंनी त्याची डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी गाठ घालून दिली त्या गुडइयर कंपनीच्या संस्थापकांच्या सूनबाई. डॉ. बॉब सर्जन होते आणि माझ्यासारखेच, म्हणजे सकाळी हात थरथरणारे. जूनमध्ये एका सकाळी त्यांना ऑपरेशन करायचं होतं. हात स्थिर राहावेत म्हणून बिलने स्वतः त्यांना बिअरची बाटली दिली. त्यांनी ऑपरेशन केलं आणि त्यानंतर 1950 मध्ये वारेपर्यंत थेंब घेतला नाही. 10 जून 1935 हा तो दिवस एए आपला वाढदिवस मानते.

म्हणजे एएचा जन्म एका उताऱ्यावर झाला. शाळेच्या वर्गात, पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेल्या आम्हा दहा-बारा जणांत मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला पेशंट आठवला. सर्जनचा हात थरथरतोय हे ऑपरेशनच्या टेबलावर झोपलेल्या त्या माणसाला माहीत नव्हतं. त्याचं नाव कुठे आलेलं मी वाचलं नाही.

सप्टेंबरमध्ये चौकशीचा निकाल आला. आरोप सिद्ध. मला बडतर्फीची दुसरी नोटीस निघायच्या आत युनियनने मध्यस्थी केली: बडतर्फी नको, राजीनामा घ्या, हिशोब द्या. बडतर्फ झालो असतो तर ग्रॅच्युइटीवरही टाच यायची भीती होती. मी सही केली. 'घरगुती अडचणींमुळे स्वखुशीने.' फाईल सुरू झाली खोट्याने आणि बंदही खोट्यानेच झाली. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 14,000, भागिले 26, गुणिले 15, गुणिले 19 वर्षं: 1,53,461 रुपये. चेक बायकोच्या हातात द्यायची अट मेव्हण्याने माझ्याकडून आधीच लिहून घेतली होती. शहाणा माणूस. कारण त्याच रात्री मी प्यायलो. सापडले तेवढे 240 रुपये होते खिशात. त्यानंतर मात्र आजपर्यंत नाही.

नोकरी परत मिळाली नाही. तीन ठिकाणी गेलो, भोसरीत मिक्सिंगवाले एकमेकांना ओळखतात. एका मालकाला सगळं खरं सांगितलं, त्याने चहा पाजला आणि कळवतो म्हणाला. मला त्याचा राग नाही. त्याच्या मिलसमोरही कुणीतरी पोरगा वाकलेला असणारच. निलंबनाच्या निम्म्या पगारात भागेना म्हणून बायकोने पोळ्या लाटून द्यायला सुरुवात केली होती, तेच आता आमचं दुकान. दिवसाला 600 पोळ्या जातात. कणीक मळायचं मशीन मी चालवतो. लहानसंच आहे, पण झाकण उघडण्याआधी आणि बटण दाबण्याआधी मी मोठ्याने "क्लिअर" म्हणतो. लाटणाऱ्या बायका हसतात. हसू देत.

त्या पोराला शोधायला मला सात वर्षं लागली, त्यातली सहा मी शोधतच नव्हतो. एएच्या पायऱ्यांमध्ये ज्यांचं नुकसान केलं त्यांची यादी करायची एक पायरी आहे, आणि त्यांच्याकडे जायची त्याच्या पुढची. यादीत त्याचं नाव मी नेहमी सगळ्यात खाली लिहायचो. 2019 मध्ये जुन्या प्रेसवाल्या दोस्ताकडून नंबर मिळाला. चाकणला होता, फोर्कलिफ्ट चालवत होता, तिथेही कॉन्ट्रॅक्टवरच. तळेगाव चौकातल्या एका टपरीवर भेटलो. अंगाने भरला होता. लग्न झालेलं, एक मुलगी. मला वाकून नमस्कार करायला लागला तेव्हा मी हात धरला आणि तो डावा हात निघाला. मधल्या बोटाचं नख परत आलं होतं, पण वाकडं, आत वळलेलं.

सांगायचं ते मी बसमध्ये पाठ करत आलो होतो. तोंडातून एकच निघालं. "मी ओरडलो नव्हतो रे."

"माहितेय की," तो म्हणाला.

"मग तसं का सांगितलंस?"

त्याने चहात बिस्किट बुडवलं, ते मोडून आत पडलं, मग तो ते चमच्याने शोधत बसला. "तुमचं घर होतं मामा. पोरं शाळेत होती. मला काय, मी एकटा, कुठंबी लागलो असतो." थोडा थांबून म्हणाला, "लागलो बी. चार महिन्यांनी."

मी विचारलं, चार महिने काय केलंस? तो म्हणाला, गावाकडं होतो, एका हातानं काय करणार. ते त्याने तक्रार म्हणून सांगितलं नाही, विचारलं म्हणून सांगितलं. मी खिशातलं पाकीट पुढे केलं तर त्याने ते दोन बोटांनी परत माझ्याकडे ढकललं आणि टपरीवाल्याला चहाचे पैसे स्वतः दिले.

त्याची दुसरी पाळी होती, साडेतीनची. किक मारताना म्हणाला, "मामा, एकदा सुट्टीचे या की. निवांत बसू." आणि लगेच चपापला. गाडी बंद केली. "म्हणजे… बसू म्हणजे असंच बसू. नुसतं."